जटानाथाचा लेप आणि पुंजाजीचा कापूस

साल १९३७, पौष महिना. कापसाची वेचणी ऐन भरात आलेली, आणि रिठदचे दोन-अडीचशे शहाणे शेते सोडून मारुतीच्या पारासमोर एका माणसाच्या डोक्याकडे तोंड उघडे टाकून बघत उभे होते. पारावर जटानाथ महाराज बसलेले. जटा कमरेपर्यंत, आवाज वेशीपर्यंत. त्यांनी समोरच्या रामरावाच्या डोक्याचे फडके सोडले, वाळलेला लेप पाण्याने धुतला, आणि खालून निघाले जवाएवढे काळेभोर केस.

"देखो भाइयों, बारा सालका टक्कल," महाराज म्हणाले. "एकवीस दिनमें साफ गया. हिमालयमें मैं बारा साल एक पैरपर खडा था, वो इसी लेपके वास्ते."

बारा वर्षे एका पायावर उभ्या राहिलेल्या या माणसाच्या दोन्ही पायांत नव्या कोऱ्या चपला होत्या. पण पायांकडे बघायला वेळ कोणाला होता?

मी गावच्या शाळेचा मास्तर. हा रामराव परगावचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याने याच पारावर फेटा उतरवून गुळगुळीत डोके सर्वांना दाखवले होते. आमच्याकडे पुरुष चारचौघांत डोके उघडे करतो ते घरात कोणी वारल्यावर. एरवी घराबाहेर फेटा उतरतो तो फक्त न्हाव्यापुढे. म्हणून बापूराव पाटील त्या दिवशी म्हणाले, "फेटा उतरवून कोनी लबाड बोलन काय?" आणि साऱ्या गावाने माना हलवल्या. चौकशी म्हणून जी काय झाली ती एवढीच.

गर्दी सारत धुरपताबाई पुढे आली. मागून तिचा मुलगा उत्तमराव, वय चोवीस, डोक्याला फडके. माघात त्याचे लग्न होते, शिरपूरच्या पंचफुलेशी. डोक्याचा मधला भाग उघडा पडू लागला होता, म्हणून गड्याने निकालाची वाट न बघता चार दिवसांपूर्वीच लेप लावून घेतला होता. आता त्याचे कपाळ सुजून एक डोळा पार मिटला होता.

"महाराज, पोराचा डोया गेला वाटते," धुरपताबाई म्हणाली. "रातभर कन्हते."

अडचण आली की महाराजांची हिंदी आपोआप वऱ्हाडी होत असे. "माय, मुळं जागी होऊन राह्यली. बाळंतिणीले कळा येत नाईत काय? हे केसाचं बाळंतपन हाय. आता दुसरा लेप, याहून जाड."

मी म्हणालो, "त्याला वाशीमला दवाखान्यात न्या. डोळा जाईल."

"गुरुजी, तुमचं लगन झालं हाये," उत्तमराव म्हणाला. "मले मांडवात बाया हसतीन. लावा महाराज." आणि तो स्वतःच पारावर जाऊन बसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा शेत राखणारा, बैल पारखून घेणारा माणूस, आणि स्वतःचे डोळे असे फेकायला निघाला होता.

तेवढ्यात काखेत धोकटी मारून पुंजाजी न्हावी पुढे आला. त्याने उत्तमरावाचे फडके उचलून वास घेतला. "हा बिब्बा हाय. धोबी कपड्यावर खूण कराले लावते तोच. यानं कातडं जळते, केस येत नाईत."

मग त्याने पाराच्या कडेला बसलेल्या गोविंदसिंगाकडे बघितले. हाही परगावचा, आज लेपासाठी फेटा उतरवून बसलेला, तेलाने चकाकणारे डोके घेऊन.

"याच्या डोक्याले हात लावू द्या," पुंजाजी म्हणाला.

"भस्म होशील," महाराज म्हणाले.

"चाळीस वर्षं डोक्यालेच हात लावून राह्यलो महाराज. आजून तं झालो नाई."

त्याने गोविंदसिंगाच्या डोक्यावरचे तेल पंचाने पुसले. वेचणीवरून आलेल्या एका बाईच्या ओटीतला कापूस घेतला आणि मानेकडून कपाळाकडे, उलटा फिरवला. कापूस जागोजाग अडकला. डोके पांढरे दिसू लागले.

"सकाळी वस्तरा फिरवेल डोकं हाय हे. डोयाले दिसत नाईत, पन खुंट हायेत. ते कापूस धरते."

"टकलावर बी कापूस धरते," महाराज म्हणाले.

गर्दी घुटमळली. बापूराव म्हणाले, "खऱ्या टकलावर काय होते, हे कोनाले मालूम?"

पुंजाजीला मालूम होते. त्या गर्दीत फेट्यांखाली किती टकले आहेत हे तो बोटांवर मोजू शकला असता. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काय आहे हे त्याने चाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. तो खाली जमिनीकडे बघत राहिला. माझ्याकडे मात्र त्याने मुद्दाम बघितले नाही.

तासभर मी मनातल्या मनात साऱ्या गावाला मूर्ख म्हणत होतो. माझ्या टोपीखाली मात्र डाव्या कानावर वाढवलेली एक लांब बट तेलाने चोपून उजव्या कानापर्यंत नेलेली होती. ते फक्त माझ्या बायकोला आणि पुंजाजीला ठाऊक होते. उत्तमरावाचा सुजलेला डोळा समोर होता. मी टोपी काढली.

मागे कोणीतरी फिदीफिदी हसले. पुंजाजीने बट हळूच बाजूला केली आणि कापूस फिरवला. सुलटा, मग उलटा. कापूस घसरून खाली पडला. एक तंतूही राहिला नाही.

बापूरावांनी गोविंदसिंगाच्या डोक्यावर स्वतः उलटा तळवा फिरवला आणि हात मागे घेतला. गोविंदसिंग रडकुंडीला आला. "मले रोजानं आनलं पाटील. रामराव बी तसाच. त्याच्या लेपात नुस्ती माती होती."

"मंग माह्या पोराच्या लेपात बिब्बा काहून?" धुरपताबाईने विचारले.

"जळजळ झाली का मानूस म्हनते, औषध लागू पडलं," पुंजाजी म्हणाला. "एकविसावा दिवस येईपर्यंत महाराज दुसऱ्या गावात."

महाराज शाप द्यायला उठले. धुरपताबाईने लेपाचे मडके उचलले. "आंधी तुमच्या डोक्याले लावते. मंग द्या शाप." तेव्हा महाराजांनी नव्या चपला हातात घेतल्या आणि हिमालयात न वापरलेला दुसरा पायही वापरून वेशीपर्यंत पळाले. रामराव त्यांच्याही पुढे होता.

पुंजाजीने उत्तमरावाचे डोके धुऊन खोबरेल लावले. त्याच दिवशी त्याला बैलगाडीने वाशीमला नेले. आठवड्याने डोळा उघडला. फोड वाळल्यावर पुंजाजीने त्याला पुढ्यात बसवले. "इरळ जागी लांब केस ठेवले का टक्कल जास्त दिसते. बाजूचे बारीक करतो, मंग सारं एकसारखं दिसते." कापून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, ते बट?"

"काप," मी म्हणालो.

लग्नाआधी उत्तमराव मला घेऊन शिरपूरला गेला आणि सासऱ्यासमोर, उकंडरावांसमोर, त्याने स्वतःहून फेटा उतरवला. म्हाताऱ्याने त्याचे डोके उजेडाकडे वळवून न्याहाळले.

"केसाचं काई नाई," तो म्हणाला. "पन हे डाग कायचे?"

उत्तमरावाने खरे ते सांगितले. सांगताना त्याची मान खाली गेली, आणि ती टकलामुळे नव्हती. उकंडरावांनी मुलगी दिली, पण एका अटीवर: यापुढे कुठलाही लेप आधी मुलीला विचारून लावायचा.

वाचकहो, गेलेले केस परत आणणारा माणूस मला आजवर भेटला नाही. आणतो म्हणणारे पुष्कळ भेटले. असा कोणी भेटला तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या चमत्कारावर एकदा उलटा हात फिरवून बघा. त्याला विद्या लागत नाही, चिमूटभर कापूस पुरतो. आणि ताडून बघायला खऱ्याची गरज पडली तर कोणालातरी आपली टोपी काढावी लागते. माझी आता खुंटीलाच असते.