दुपार दारूची, वर्ष लाजेचं

मी एक जुना काचेचा पेला आहे. फिलिपिन्सच्या लेते बेटावरच्या एका कोळीवाड्यात, नानाय पिलारच्या, म्हणजे पिलार आईच्या, स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, भट्टीतून तावून निघालो आणि दुकानदारानं मला कॉफीच्या बरणीला बांधून फुकट देऊन टाकलं! पण माझं बूड जाड, लवंडायचं नाव नाही. म्हणून घरातल्या पुरुषांनी मला तुब्यासाठी उचललं. तुबा म्हणजे माडाची तांबूस दारू. आमच्याकडे पिणारे दहा असले तरी पेला एकच. तो हातोहात फिरतो, आणि पाळी आल्यावर नको म्हणणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात. "पेला असावा तर असा!" हे कौतुक ऐकून मी फुगत असे.

नानायचा मुलगा आर्नुल्फो सव्वीस वर्षांचा, आरोग्य केंद्राचा स्वयंसेवक. एचआयव्ही कसा होतो, कंडोम का वापरायचा, हे तो गावातल्या तरुणांना न लाजता सांगे.

"जाळं टाकायला लाजता का? मग जीव वाचवायला कसली लाज?" तो म्हणे. त्याच्या स्वतःच्या खिशातही कंडोमचं पाकीट कायम असे.

गावच्या संताची जत्रा होती. रोवेनाशी त्याचं लग्न तीन महिन्यांवर आलेलं. दुपारीच अंगणात बैठक जमली. ओतायला होता त्याचा जिवलग रुफो.

"नवरदेव, पिऊन घे! लग्नानंतर परवानगी काढावी लागेल."

"बस रे. डोकं गरगरतंय."

"गरगरतंय म्हणजे अजून जागेवर आहे. घे!"

सगळे हसले. तोही हसला, आणि मी पुन्हा त्याच्या ओठांना लागलो. किती वेळा, ते मलाही आठवत नाही. पलीकडच्या बेटावरून जत्रेला आलेली एल्सा तिथंच होती. तीही तेवढीच प्यालेली. दोघं एकमेकांना सावरत माडांकडे निघून गेले. तिला बोल लावू नका. आपल्या रक्तात काय आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सकाळी आर्नुल्फोनं खिसा रिकामा केला. पाकीट तसंच होतं, न फोडलेलं. तो त्याच्याकडे बघत बसून राहिला.

"काय झालं रे?" नानायनं विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय."

जगाला 'तपासून घ्या' सांगणारा तो, स्वतः मात्र गेला नाही. केंद्रात सगळे ओळखीचे. जत्रा उरकू दे, लग्न होऊ दे, असं करत दिवस गेले. लग्न झालं. रोवेना या घरात आली, तिला दिवस राहिले. केंद्रात तिचं रक्त तपासलं, आणि मग त्याचंही. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला.

त्या दिवशी ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली. रडली नाही.

"तुला माहीत होतं?"

"नक्की नव्हतं. भीती होती."

"जत्रेपासून?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"रोग दिलास त्याचं एक वेळ सोसेन," ती म्हणाली. "पण वर्षभर रोज माझ्या तोंडाकडे बघत राहिलास! दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतंस, तर भांडले असते, रडले असते. पण राहिले असते रे."

औषधं वेळेवर सुरू झाली. मुलगी सुखरूप, निरोगी जन्मली. तिला घेऊन रोवेना माहेरी गेली.

मग अंगणातली बैठक मोडली. एचआयव्ही उष्ट्या पेल्यानं होत नाही, हे आर्नुल्फोनंच सगळ्यांना शिकवलं होतं. तरी मला हात लावायला कोणी धजेना. रुफो एकदा आला, दारातच उभा राहिला.

"मीच ओतत होतो," एवढंच बोलला आणि डोळे पुसत गेला.

आता माझ्यात मीठ असतं. आर्नुल्फो रोज गोळी घेतो, रविवारी मुलीला भेटायला जातो. रोवेनाची आई नातीला बाहेर आणून देते. रोवेना दाराशी येत नाही.

मित्रांनो, मी काचेचा. जे ओतलं ते धरलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. दारू चढली की शहाण्याचंही शहाणपण उतरतं, म्हणून आधीच थांबा. आणि चूक झालीच, तर उजाडताच सांगा, तपासून घ्या. ऐकणारं माणूस तेव्हा अजून घरात असतं.