उंदीर नव्हता

दोन दिवस घरात कुजका वास कोंदला होता. बुटांच्या दुकानात विक्रेता असलेल्या नवऱ्याने कपाट सरकवले, पलंगाखाली झाडू फिरवला. मेलेला उंदीर काही सापडला नाही.

"अहो, तुम्ही जाल तिथे वास येतोय," बायको नाक धरून म्हणाली. "मोजे काढा बघू."

"म्हणजे उंदीर मीच का?"

मोजा टाचेला चिकटला होता. तिने पाणी ओतून तो सोडवला. खाली, बुटातून वर आलेल्या खिळ्याने पोखरलेली जखम होती: ओली, पिवळसर, कडांनी काळवंडलेली. त्याला काहीच दुखत नव्हते, आणि तेच सर्वांत किळसवाणे होते.

दिवसभर परक्यांच्या पायांपुढे बसून, त्यांच्या भेगा आणि घाम पाहून तो शिसारी गिळत असे. घरी मग स्वतःच्या पावलांकडे पाहणेही त्याला नको वाटे. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, ते रोज तपासा, असे डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावले होते. "पाय काय पळून जाणार आहेत?" असे म्हणून तो हसला होता.

आता पाय वाचेल ना, हे त्याला विचारवेना.

"दवाखान्यात निघायचंय. पण आधी बघा."

"मला नाही बघवत गं."

"गिऱ्हाइकांचे बघवतात ना? बघा!"

वाकताना पोट आड आले. तिने टाचेखाली आरसा धरला. त्याला उमासा आला, डोळे पाणावले. तरी त्याने नजर हटवली नाही. मग दुसऱ्या पायाचा मोजा तो स्वतःच्या हाताने उतरवू लागला.