खाणीतलं ऊन पाणी

आमच्या ह्यांना पंचाहत्तरीतही पहिला नंबर लागतो. वेल्समध्ये, कार्डिफच्या वरच्या खोऱ्यात जन्मभर डॉक्टरकी केली, रिटायर झाले आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या डे सेंटरचे चेअरमन होऊन बसले.

काउन्सिलने ठरवलं, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत साठलेलं कोमट पाणी वर काढायचं आणि त्यावर सरकारी इमारती गरम ठेवायच्या. सगळ्या नाही, तपासणीत बसतील तेवढ्याच. आमच्या सेंटरचा बॉयलर शेवटच्या घटका मोजत होता आणि नवा कोणी देणार नव्हतं. खाणीचं पाणी मिळालं नाही, तर सेंटरला टाळं.

हे लगेच कामाला लागले. "सुमन, आपण किती काटकसरीने चालवतो ते काउन्सिलला दाखवून देऊ." अख्खा हिवाळा हीटिंग फक्त सकाळी थोडा वेळ. म्हातारी माणसं कोट घालून बिंगो खेळली. त्यांच्यातल्या गॅरेथने त्याच खाणीत उमेदीची वर्षं घालवलेली, छातीत अजून तिथली धूळ. तो खोकत म्हणायचा, डॉक्टर सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

"अहो, माणसं गारठतायत," मी म्हटलं.

"थोडं सोसलं तर काय बिघडतं? पुण्यात आपण कधी हीटर लावला होता?"

पुण्याच्या थंडीचा आणि इथल्या थंडीचा काय संबंध! पण ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तपासणीला आली ती वरदा, मूळची नागपूरची, कार्डिफमधल्या कंपनीत इंजिनिअर. मराठी मुलगी पाहून ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. चहा-चिवडा झाल्यावर तिला हौसेने मीटर दाखवायला नेलं. "बघ, अख्ख्या खोऱ्यात इतका कमी गॅस कुणाचा नसेल!"

तिचा चेहरा पडला. "काका, तोच तर प्रॉब्लेम आहे. जिथे हीट जास्त वापरतात, तिथेच पाइपलाइन वर्थ इट ठरते. तुमची डिमांडच दिसत नाहीये."

"अगं, आम्ही वापरली नाही म्हणून लागत नाही असं थोडंच आहे?"

"आय नो, काका. मी रिपोर्टमध्ये तसं क्लिअरली लिहीन. पण काउन्सिल मीटर रीडिंगच धरते."

तिने लिहिलं, अगदी प्रामाणिकपणे. उपयोग शून्य. पाणी गेलं काउन्सिलच्याच ऑफिसला, जिथे जानेवारीत हीटिंग फुल ठेवून खिडक्या सताड उघड्या असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! काउन्सिलचा राग आला, पण खरं सांगते, ह्यांचा जास्त आला. सेंटर बंद झालं.

या हिवाळ्यात हे, मी आणि गॅरेथ तक्रार घेऊन त्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, निर्णय झालेला आहे. आम्ही निघालो. गॅरेथ मात्र खुर्चीतच बसून राहिला. तिथल्या उबेत त्याचा खोकला थांबला होता.

"मी बसतो जरा इथेच," तो म्हणाला. "घरी फार गार आहे."

मुलगी म्हणाली, अपॉइंटमेंट नसेल तर इथे बसता येत नाही. ती ह्यांच्याकडे पाहत होती.

मला वाटलं, आता तरी हे भांडतील. ह्यांनी खाली वाकून गॅरेथच्या कोटाची बटणं लावली, त्याला हाताला धरून उठवलं आणि बाहेर नेलं.