आर्डिसच्या हृदयातली तार

मी एक तार आहे. विजेची नाही, वाद्याचीही नाही. हातभराहून जरा लांब, शेवईसारखी बारीक, एका टोकाला वाकडी. माझं आयुष्य पाच मिनिटांचं असतं. गळ्याच्या शिरेत आधी मी शिरायचं, माझ्यावरून औषधाची नळी आत सरकवायची, मग मला ओढून कचऱ्यात टाकायचं.

अमेरिकेतल्या डलूथ शहरातल्या एका इस्पितळात मी आर्डिस कोस्केलाच्या गळ्यात शिरले. ती शाळेची बस चालवायची. पोटात आतडं फुटून ती बेशुद्ध पडली होती. नळी घालणारा डॉक्टर लव्हेल तरुण होता. नळी सरकवताना माझं शेपूट हातातून सोडायचं नाही, हा एकच नियम. पण लव्हेल नर्सला तलावाच्या बर्फात भोक पाडून पकडलेल्या माशाची लांबी दाखवत होता. दोन्ही हातांनी.

मी आत सरकले.

“तार बाहेर?” नर्सने विचारलं. हे मोठ्याने विचारायची तिथे पद्धतच आहे.

“बाहेर,” लव्हेल म्हणाला. ट्रेकडे त्याने पाहिलं नाही, तिनेही नाही. तिने कागदावर खूण केली. नंतर छातीचा एक्स-रे काढला, त्यात मी लख्ख दिसत होते. पाहणाऱ्याने नळी जागेवर आहे एवढंच पाहिलं, तसं लिहिलं आणि कॉफी प्यायला गेला.

सहा वर्षं मी तिथेच होते. एक टोक मानेत, दुसरं पोटाकडे, मधलं अंग थेट हृदयातून. ते धडधडे तसतशी मी आतून घासायचे. माझ्यावर चिकट पापुद्रा चढला. माझी मलाच शिसारी यायची.

आर्डिसचं काळीज मधेच फडफडायचं. एकदा भरल्या बसमध्ये तिला घेरी आली. कशीबशी तिने बस कडेला घेतली आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. तीन डॉक्टरांनी हा मनाचा खेळ आहे म्हणून गोळ्या दिल्या. तिचा नवरा वेन तर रोज ऐकवायचा, “हृदय नाही गं, तुझं डोकं बिघडलंय. भित्री झालीस तू.” हळूहळू तिलाही ते पटायला लागलं. ते मी तिच्या छातीत बसून ऐकत होते.

शेवटी डॉक्टर मेरिकने तिच्या मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या धमन्या तपासल्या. धमन्या स्वच्छ होत्या. पण पडद्यावर मी दिसले.

मेरिक खूश झाला. खरंच खूश. अशी गोष्ट जन्मात एकदा दिसते म्हणत त्याने बाहेरच्या दोघा डॉक्टरांना बोलावलं. मोबाइल निघाले, पडद्याचे फोटो निघाले. डॉक्टरांच्या परिषदेत यावर कोणी बोलायचं यावरून थट्टा सुरू झाली. यंत्र सांभाळणाऱ्या ओडेलने हळूच विचारलं, “बाईंना सांगायचं ना आधी?”

“गुंगीचं औषध दिलंय रे. उद्या काही आठवणार नाही त्यांना.”

हिरव्या कापडाखालून आवाज आला. “मला सगळं ऐकू येतंय, डॉक्टर.”

हसणं थांबलं. मग मेरिकने तिला समजावून सांगितलं, गोड आवाजात. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी वेडी नव्हते,” ती म्हणाली.

मेरिकने काढू का विचारलं, ती काढा म्हणाली. मांडीच्या शिरेतून फास टाकून त्याने मला ओढून काढलं.

घरी जाताना तिला कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, “बाहेरची वस्तू काढली.” कोणती, कोणी ठेवली, किती वर्षं, काही नाही. तिने मला मागितलं. मेरिक म्हणाला, नियमात बसत नाही. “मग एक फोटो तरी द्या. वेनला दाखवायचाय.” खिशात अकरा फोटो असलेला तो माणूस म्हणाला, रुग्णांचे फोटो असे देता येत नाहीत.

आता मी मेरिकच्या कपाटावर बरणीत आहे. वर चिठ्ठी आहे, ‘दुर्मीळ’. आर्डिसचं नाव कुठेच नाही. नवे डॉक्टर येतात, बरणी हलवतात, हसतात.

ही बरणी पुसणारं कोणी हे ऐकत असेल तर एवढं करा. मला खिशात घाला आणि कोस्केलांच्या घरी न्या. जेवणाच्या टेबलावर, वेनच्या ताटाशेजारी ठेवा. बाकी मी बघते.