तीन वेळा शाब्बास

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्हाला जन्मभर एकच शब्द बोलता येतो. भूक लागली तरी तोच, कुणी जिन्यावरून पडले तरी तोच. जमेल का तुम्हाला? मला जमवावे लागले. मी एक जुना लाकडी शिक्का आहे आणि माझ्या रबरी तळव्यावर कोरलेला शब्द आहे 'शाब्बास'.

एका अरुंद गल्लीतल्या शिक्केवाल्याने मला घडवले. अक्षरे उलटी कोरायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. मला कोरून झाल्यावर त्याने कागदावर उमटवून पाहिले आणि तो हसून म्हणाला, "तू नशीबवान आहेस बाबा. काल 'रद्द'चा शिक्का केला. त्या बिचाऱ्याकडे कोण प्रेमाने बघणार?" मी मनातल्या मनात फुगलो. तो फुगा पुढे कित्येक वर्षे फुटला नाही.

मला विकत घेतले ते एका शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी. बाई मनापासून शिकवत. इंग्रजी क्रियापदाला एखादा छोटा शब्द चिकटला की त्याचा अर्थ कसा पार बदलतो, हे शिकवताना तर त्या रंगून जात. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, आज नको म्हणून उद्यावर टाकणे. "पाऊस आला म्हणून सामना पुढे ढकलला, द मॅच वॉज पुट ऑफ," असे फळ्यावर लिहून बाई वळायच्या आणि म्हणायच्या, "हे झालं माझं वाक्य. आता मला तुमचं हवंय. गाइडातलं चालणार नाही. तुमच्या घरातलं, खरंखुरं. खोटं वाक्य लिहिलं ना, तर शब्द चार दिवसांत पळून जातो."

दर शुक्रवारी प्रत्येकाने एक खरे वाक्य लिहायचे, असा त्यांचा नेमच होता. मधल्या सुट्टीत पन्नास वह्या उघड्याच एकावर एक रचल्या जात, बाईंचा लाल पेन झरझर फिरे आणि मागोमाग मी. ठप्प, ठप्प, ठप्प! ज्याच्या वहीत मी उमटे, तो पोरगा घरी पळत जाई. सांगायला लाज वाटते, पण त्या काळात मी एकही वाक्य पुरते वाचत नव्हतो. मला फक्त कोरी जागा दिसायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण तिच्या हातात सदा काहीतरी उचललेले असे. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. शाळेची पाटीही त्यांनीच रंगवली होती. काम झाल्यावर ते बाईंना नमस्कार करायला आत आले आणि दारातल्या स्टुलाला धडकले. स्टूल चांगले गुडघ्याएवढे, दाराच्या डाव्या बाजूला, भर उजेडात.

"अहो, लागलं का?" बाईंनी विचारले.

"मला कुठलं लागतंय! स्टुलाला विचारा," ते हसले. "हल्ली फर्निचरच माझ्या अंगावर धावून येतं."

बाईही हसल्या. मुंगी मात्र हसली नाही. तिने स्टूल उचलले आणि भिंतीला लावून ठेवले.

'पुट ऑफ'च्या पहिल्या शुक्रवारी मुंगीने लिहिले, 'माय फादर पुट्स ऑफ गोइंग टू द आय डॉक्टर.' माझे बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलतात. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी या जागी 'टू गो' लिहून माती खाल्ली होती. एकटीने 'गोइंग' लिहिले. बाई खूश झाल्या. ठप्प! शाब्बास.

दुसऱ्या शुक्रवारी तिने लिहिले, 'ही पुट्स इट ऑफ बिकॉज ही हॅज मेनी बोर्ड्स टू पेंट.' पाट्यांची खूप कामे आहेत म्हणून ते टाळतात. 'इट' कसा मध्ये अलगद बसला होता! बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. शाब्बास.

तिसऱ्या शुक्रवारी तिने तीन वाक्ये लिहिली. काल बाबांचा पाय शिडीच्या पायरीवर पडलाच नाही, बाजूला पडला. आई म्हणाली, डोन्ट पुट इट ऑफ. बाबा हसले आणि त्यांनी ते पुन्हा पुढे ढकलले, ही पुट इट ऑफ अगेन.

बाईंनी तिला उभे केले आणि ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली. मुंगीने बाक घट्ट धरला होता. आता बाई काहीतरी विचारतील, असे तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

"बघा रे!" बाई वर्गाला म्हणाल्या. "एकाच गोष्टीत दोनदा वापरलं आणि दोन्ही वेळा बरोबर! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मुंगी खाली बसली. आणि मी, मित्रांनो, मी तिच्या वहीत तिसऱ्यांदा उमटलो. इतका ठळक की मागच्या पानावरही शाई उतरली.

पुढच्या शुक्रवारी दुसरे क्रियापद आले. त्याच आठवड्यात शिपाईमामा बाईंना सांगत आले, "बाई, ऐकलंत का? पाट्या रंगवणारे शिडीवरून पडले. मनगट मोडलंय. आणि दवाखान्यात तपासलं तर डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलाच म्हणतात. आधी आले असते तर वाचला असता."

 बाईंनी कपाटातून मुंगीची वही काढली आणि ती तीन पाने उलटली. एकदा, दोनदा; तेव्हा कुठे ती वाक्ये मीही पुरती वाचली. मग मला उचलून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवले, अगदी मागे, मोडक्या खडूंच्या डब्याशेजारी. माझी शाई वाळली. खणातल्या अंधारात मला एकच काम उरले, आठवत बसण्याचे.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. मी तर बोलूनचालून शिक्का. मला दाबणारा हात दुसऱ्याचा. पण मन ऐकेना. त्या दिवशी मी जरा वाकडा उमटलो असतो, शाई फरफटली असती, तर बाईंनी डाग पुसायला तरी पुन्हा पान पाहिले असते. मी मात्र सुरेख उमटलो. एका लेकराने तीन आठवडे मदत मागितली आणि तीन आठवडे मी तिला छान लिहिलेस म्हणून सांगत राहिलो. माझ्या कौतुकाखाली तिचे रडणे झाकले गेले.

मुंगी आठ दिवसांनी शाळेत आली आणि कपाटातली वही तिने सकाळीच परत नेली. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बोलावले. लाल पेन शोधायला उघडलेला खण तसाच उघडा होता, म्हणून मला सगळे ऐकू आले आणि फटीतून दिसलेही.

"मुंगे, माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "तू इतकं सांगत होतीस, आणि मी नुसती क्रियापदं तपासत बसले."

मुंगीने थोडा विचार केला. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही शाब्बास दिलंत ना. म्हणून मग मी पण गप्प बसले."

हे ऐकले आणि मला माझ्या लाकडाला भेगा जाव्यात असे वाटले.

मित्रांनो, एवढे माझे ऐका. कुणी तुमच्याजवळ काही बोलले किंवा लिहिले, तर ते सुंदर आहे की नाही हे नंतर बघा. आधी त्याचे काय चालले आहे ते बघा. शाबासकी द्यायला उशीर झाला तरी चालतो. हा धडा मी फार महागात शिकलो, आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच्या डोळ्याने दिली.

मुंगीने दप्तरातून वही काढली. या वेळी ती गठ्ठ्यावर ठेवली नाही. बाईंच्या समोर उघडून धरली आणि ओळीखाली बोट ठेवून उभी राहिली. बाईंनी वाचले. मग पुन्हा, हळूहळू, पुटपुटत वाचले. उजवा डोळा वाचवायचा तर लवकर शस्त्रक्रिया करायला हवी होती. दवाखान्याने तारीख दिली होती. बाबांनी ती एकदा पुढे ढकलली होती, आणि परवाची दुसरी तारीखही ढकलणार होते. हात बरा होऊ दे, मग बघू, म्हणत होते.

"आई काय म्हणते?"

"आई रोज भांडते. बाबा म्हणतात, बायका उगीच घाबरतात."

"आत्ता घरी आहेत का?"

"हात प्लास्टरमध्ये आहे, बाई. जातात कुठे!"

बाई उठल्या. मुख्याध्यापकांना निरोप द्यायला त्यांनी शिपाईमामांना पाठवले आणि पायात चपला सरकवल्या. मुंगीने वही दप्तरात ठेवली. मग थांबली आणि पुन्हा बाहेर काढली.

"ही बरोबर घेऊ या," ती म्हणाली. "बाबांना इंग्रजी अक्षरं रंगवता येतात, पण अर्थ लागत नाही. मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय ते त्यांना ठाऊकच नाही. तुम्ही वाचून सांगा. पहिल्या शुक्रवारपासून."

आणि पहिल्या शुक्रवारचे पान मिटू नये म्हणून त्यात बोट घालून, ती बाईंच्या पुढे चालू लागली.