डबल बेल

"कंडक्टर, बेल!" सासऱ्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून आरशात बघत हाक दिली.

मागच्या सीटवर माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसलेल्या माझ्या चार वर्षांच्या लेकीनं छाती फुगवली. "टिंग टिंग!"

तेव्हा कुठे गाडी हलली. आमच्याकडे हे असंच. सासऱ्यांची सगळी हयात बस चालवण्यात गेली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा कायदा त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या छोट्या गाडीलाही लावला. बेल झाल्याशिवाय चाक हलायचं नाही. पूर्वी हे काम सासूबाईंकडे होतं. "जन्मभर बिनपगारी नोकरी केली हो मी," असं त्या येईल-जाईल त्याला सांगतात. लेक बोलायला लागली तशी ती जागा तिला मिळाली.

फाटकातून बाहेर पडताना डावीकडचा आरसा खर्रकन खांबाला घासला.

"खांब सरकवलाय कुणीतरी," सासरे म्हणाले.

सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण माझं असं न हसणंही घरात नवीन नाही. लेक झोपली की तिचा श्वास चाललाय ना हे बघायला मी अजून उठते. तुझ्या डोक्यात दिवसरात्र भोंगा वाजत असतो, असं नवरा म्हणतो. त्यामुळे मी काही म्हटलं की आधी ते भोंग्याच्या खात्यात जमा होतं.

सोमवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली होती. अशी सुट्टी आली की आम्ही तळ्याकाठचं दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतो. पाण्यात पाय सोडून बसायचं, पत्ते कुटायचे, जेवून ताणून द्यायची. बाकी तिथे काही नाही, आणि कुणाला काही हवंही नसतं. सासरे तर तिथे लहान मूलच होतात. पाण्यावर चपटे दगड फेकायचे आणि किती उड्या मारल्या यावरून नातीशी भांडायचं.

रविवारी सकाळी ओट्यावर बसून खाणं चाललं होतं. मी सासऱ्यांसमोर सफरचंदाच्या फोडींची बशी ठेवली. त्यांनी चवीनं खाल्ल्या आणि बशी सरकवली. "बास. संपवल्या."

बशीच्या डाव्या अर्ध्या भागात फोडी तशाच होत्या.

मी ओटा पुसायच्या निमित्तानं बशी उचलली आणि फिरवून परत ठेवली.

"अरे, अजून आहेत की!" सासरे म्हणाले आणि खायला लागले.

"आई, जादू!" लेक टाळ्या पिटायला लागली.

मग ती दोघं लपाछपी खेळायला लागली. लेक लपलीच नव्हती. सासऱ्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर तोंडावर हात दाबून हसत उभी होती. सासरे उजवीकडे बघत, झाडामागे डोकावत म्हणत होते, "कुठे गेला आमचा कंडक्टर? ड्यूटी सोडून पळाला वाटतं!"

"काय पण सोंग करतात," सासूबाई पोट धरून हसत होत्या.

दुपारी मी नवऱ्याला पाण्याकडे ओढून नेलं.

"बाबांना डावीकडचं दिसत नाहीये."

"अगं, तिला हसवत होते ते."

"आणि फोडी?"

"लक्ष नसेल."

"आरसा?"

"हे बघ," तो पाण्यात पाय हलवत म्हणाला, "तिला दोन शिंका आल्या तर तू छातीचा फोटो काढायला निघाली होतीस. आता बाबांचा नंबर का?"

"उद्या परत जायचंय. तीही गाडीत असणार आहे."

त्याचे पाय पाण्यात थांबले. मग म्हणाला, "तू सांग मग. मी नाही सांगणार. जन्मात बसवर ओरखडा न येऊ दिलेला माणूस आहे तो."

तो सांगणार नाही हे मला माहीत होतंच. तरुणपणी बापानं त्याला गाडी शिकवायला घेतली, दोघांची अशी जुंपली की महिनाभर आईमार्फत बोलणं चालायचं. त्यानं परत स्टिअरिंगला हात लावला नाही. लग्नानंतर सासऱ्यांनी मला मात्र शिकवलं, एकदाही आवाज न चढवता. पण ते गाडीत असताना ती जागा त्यांचीच.

संध्याकाळी ते फडकं घेऊन गाडी पुसत होते. त्यांच्या उजव्या हाताकडचा दिवा लखलखत होता. डाव्या हाताकडच्या दिव्यावर चिखल तसाच. आणि ते मागे होऊन, कमरेवर हात ठेवून समाधानानं गाडीकडे बघत होते.

"बाबा," मी म्हटलं, "उद्या मी चालवू का? हाताला सवय राहील."

"माझ्याच हाताखाली शिकलीस आणि मलाच घरी बसवतेस होय?" ते मोकळेपणी हसले. मग फडकं झटकत म्हणाले, "नाही गं. वर्षभर ऑफिस, घर, पोरगी. सुट्टी आहे ना? तू आपली मागे बस निवांत."

इतक्या मायेनं म्हणाले की पुढचे शब्द मला गिळावे लागले. दिवा मी त्यांच्या मागे गुपचूप पुसला.

सोमवारी निघताना मी लेकीचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि नवऱ्याच्या मागे, डावीकडच्या खिडकीशी बसले. डावीकडचं मी बघेन, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

"टिंग टिंग!"

मोकळ्या रस्त्यावर काही झालं नाही. सासूबाई पेंगायला लागल्या. नवरा मोबाइलवर गाणी शोधत होता. एका छोट्या गावातून जाताना रस्ता अरुंद झाला. समोर मोकळं दिसलं म्हणून सासऱ्यांनी वेग वाढवला, आणि तेवढ्यात डावीकडून एक बाई हातात सायकल धरून रस्त्यावर उतरली. तिची मान पलीकडे वळलेली. कॅरिअरला पिशवी.

आता बघतील. आता.

गाडीचा वेग तसाच होता.

"टिंग!"

मीच ओरडले होते. एकदाच.

त्यांचा पाय ब्रेकवर गेला. का, कुणी, काही नाही, नुसता पाय गेला. गाडी जागच्या जागी थांबली. सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, नवऱ्याचा मोबाइल खाली पडला. सायकलचं पुढचं चाक बंपरला टेकलेलं, आणि बाईचा एक हात आमच्या बॉनेटवर. पिशवीतली संत्री रस्ताभर.

"मी नाही दिली बेल!" लेकीनं भोकाड पसरलं. "आईनं दिली! माझी बेल आईनं दिली!"

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. आरशात न बघता विचारलं, "का दिलीस?"

त्यांनी बॉनेटवरच्या हातापासून सायकलच्या चाकापर्यंत मान फिरवत नेली, आणि खाली उतरले.

"डोळे कुठे असतात हो तुमचे?" बाई ओरडली.

"चुकलं बाई," म्हणत ते वाकून संत्री गोळा करायला लागले. एकेक करून पिशवीत टाकली. मग उभं राहून पिशवी तिच्यापुढे धरली.

"ते राहिलं की," ती म्हणाली.

ते उजवीकडे बघायला लागले.

"अहो, इकडे. तुमच्या पायाशीच आहे."

सासरे थांबले. मग त्यांनी अख्खी मान डावीकडे वळवली, हळूहळू, जड दार ढकलावं तशी. संत्रं त्यांच्या डाव्या बुटाला टेकलेलं होतं. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

बाई गेली. ते गाडीला वळसा घालून आले, आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"उतर. किल्ली आतच आहे."

"बाबा..." नवरा पुढून म्हणाला.

"तू गप. मोबाइल उचल तो." मग माझ्याकडे वळून, "सीट पुढे घे. पाय पोचायचे नाहीत तुझे."

मी उतरले. माझ्या जागेवर बसता बसता ते हळू आवाजात म्हणाले, "खांब कुणी सरकवला नव्हता."

सासूबाई पदर कपाळाला दाबून सासऱ्यांकडे बघत होत्या.

मी सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. आरशात सासरे दिसत होते. दोन्ही हात मांडीवर, बोटं गोल वळलेली. मी इंजिन चालू केलं आणि थांबले.

"कंडक्टर," मी म्हटलं, "बेल."

लेकीनं आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. "नाही देणार जा. माझी बेल घेतलीस तू."

"दे ना गं सोन्या."

"नाही!"

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. मग अजून एकानं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, चल की आता अशा नजरेनं. माझा पाय क्लचवरून उठेना.

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"टिंग टिंग," सासरे म्हणाले.