अठरा सेकंदांच्या आत

मित्रांनो, बॉनेटवर चार ओरखडे आणि मागच्या काचेवर फिकट पडलेलं स्टिकर, अशी मी एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी आहे. आज मी थोडी रागातच बोलणार आहे. चालेल ना?

दोन हजार साली मी येरवड्यात पोपटरावांच्या दारात आले. ते बस चालवायचे. "डेपोतून गाडी निघायची ती फुल्ल टाकीनेच," असं म्हणत त्यांनी माझी टाकी कधी अर्ध्यावर येऊ दिली नाही. दर रविवारी मला धुवायचे, पुसायचे. सगळी गल्ली माझं कौतुक करायची.

मग त्यांचा मुलगा धम्मदीप हिंजवडीला आयटीत लागला आणि त्याला शर्यतीचं वेड लागलं. लोणावळ्याच्या पुढे एका धावपट्टीवर अधूनमधून गाड्या पळवतात. उभ्या जागेवरून निघायचं, सरळ चारशे मीटर. पहिल्यांदा मला अठरा पूर्णांक चार सेकंद लागले. धम्मदीपला अठराच्या आत यायचं होतं.

त्याने सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, रुंद टायर बसवले. वेळ आली अठरा पूर्णांक सहा. सदाशिव पेठेतले मेकॅनिक श्रीधरकाका टायर बघून म्हणाले, "वा. आता हिला वरातीत न्या. पळायला दुसरी बघा."

जुने टायर परत आले, प्लग नवे आले. वेळ पुन्हा अठरा पूर्णांक चार.

"गाडीच म्हातारी झालीये," धम्मदीप घरी म्हणाला. "या डिसेंबरात अठराच्या आत आली नाही तर विकून टाकतो."

मला इतका राग आला म्हणून सांगू. रांगेत तासभर माझं इंजिन चालू, एसी चालू, आत याचे तीन मित्र गाणी ऐकत बसलेले. पोटात काठोकाठ पेट्रोल. तापमानाचा काटा लालकडे सरकतोय, आणि नंबर आला की म्हणे पळ. तुम्ही भरपेट जेवून, उन्हात तासभर उभं राहून पळून दाखवा बरं.

हे कळलं फक्त पूर्वाला. ती धम्मदीपची नववीतली बहीण. प्रत्येक फेरीची वेळ ती वहीत लिहायची, शेजारी ऊन किती होतं तेही.

"दादा, सकाळची पहिली फेरी दर वेळी बरी येते. गाडी तापली की मंदावते. रांगेत इंजिन बंद ठेव. आणि टाकी पावच भरलेली हवी."

"टाकीचं तू सांग बाबांना," दादा म्हणाला. त्याची हिंमत नव्हती.

तिने सांगितलं. पोपटरावांनी पेपर खाली ठेवला. "रिकाम्या टाकीने घाट चढायचा? माझी गाडी?"

शर्यतीच्या सकाळी मात्र ते पंपावर गेले नाहीत. पाच लिटरचा कॅन घेऊन मागच्या सीटवर बसले.

"बाबा, कॅन कशाला?"

"तुझ्या वहीवर विश्वास आहे. हिच्या पेट्रोलच्या काट्यावर नाही."

धावपट्टीवर कॅन खाली उतरला. मित्रांनाही या वेळी आत बसू दिलं नाही. इंजिन बंद, बॉनेट उघडं. रांग पुढे सरकली की पोपटराव आणि पूर्वा मला ढकलायचे. "काय धम्या, बंद पडली का?" असं कुणीतरी ओरडलं. धम्मदीपचे कान लाल झाले, पण त्यानेही खांदा लावला.

सतरा पूर्णांक नऊ.

धम्मदीपने फोन काढला. "श्रीधरकाका, आली. आता साडेसतरा करायचेत. नवीन काय काय बसवता येईल?"

मी धापा टाकत उभी होते, आणि याचं आपलं हे सुरू. पूर्वाने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "आधी हिला निवू दे."

मित्रांनो, मी विकली गेले नाही. पण आमच्यासारख्यांना म्हातारं म्हणण्याआधी, नवा भाग आणण्याआधी, एकदा बॉनेटवर हात ठेवून बघत जा. चटका बसला, तर चूक आमची नसते.